नाटकशाळेला जागा देणारे नाना

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असे कार्यकारिणीत ठरले आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. संतांची व देशभक्तांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. या खेपेस मी जरा निराळे नाव घेतले आहे. ते म्हणजे मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट, ऊर्फ नाना. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळत असे, एवढीच त्यांची ओळख आपल्यापैकी पुष्कळ जणींना असेल. पण मराठी नाटकाला मोठ्या शहरात डोक्यावर छप्पर मिळाले ते ज्या नाटकशाळेत, तिची जमीन या गृहस्थांनी दिली होती. अमरावती-अकोल्याच्या भगिनींनी त्यांची आठवण का ठेवावी, तेही पुढे ओघाने येईलच.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे दैवज्ञांचे, मूळ आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट मुंबईतील मोठे व्यापारी होते. १८२२ साली ते वारले आणि अवघ्या १९ वर्षांच्या नानांवर पेढीचा व घराचा सारा भार आला. एवढी दौलत तरुण वयात हाती आली म्हणजे माणूस कसा वाहवत जातो, हे आपण पाहतोच. नानांनी मात्र सार्वजनिक कामाची वाट धरली. त्याच सुमारास एल्फिन्स्टन गव्हर्नरांच्या पाठबळाने मुंबईत शाळा काढण्यासाठी व शालेय पुस्तके छापण्यासाठी एक संस्था निघाली होती. नाना तीत शिरले आणि शिक्षणाचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. पुढे सरकारी शिक्षण मंडळावर त्यांची नेमणूक झाली. सारे शिक्षण इंग्रजीतून द्यावे, असा मंडळाचे अध्यक्ष पेरीसाहेब यांचा आग्रह होता. सामान्य लोकांपर्यंत विद्या पोहोचवायची तर ती त्यांच्या मातृभाषेतूनच पोहोचेल, हे मत नानांनी तेथे ठामपणे मांडले. साहेबाच्या तोंडावर असे बोलणे त्या काळी सोपे नव्हते.

आता नाटकशाळेची हकीगत सांगते. मुंबईच्या कोटात इंग्रज लोकांनी आपल्या करमणुकीसाठी १७७६ साली एक नाटकगृह बांधले होते. त्यात इंग्रजी नाटके होत आणि पाहणारेही बहुतेक तेच. हौस मोठी आणि हिशेब कच्चा, त्यामुळे कर्ज चढत गेले आणि १८३५ साली त्या इमारतीचा लिलाव झाला. पुढे काही वर्षे शहरात नाटकगृहच नव्हते. तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी नवे नाटकगृह व्हावे म्हणून सरकारकडे अर्ज केला. अर्ज करणाऱ्यांत इंग्रज होते तसेच जमशेटजी जीजीभाई, फ्रामजी कावसजी व नानाही होते. पण बांधायचे कोठे? कोटात जागा मिळेना. तेव्हा नानांनी कोटाबाहेर, नव्यानेच झालेल्या ग्रँट रोडवरील आपली जमीन देऊ केली. तेथे १८४६ साली नवे नाटकगृह उघडले. कोणी त्याला ग्रँट रोड थिएटर म्हणत, कोणी बादशाही थिएटर. लोकांच्या तोंडी मात्र शंकरशेटची नाटकशाळा हेच नाव बसले.

नाटकशाळा बांधली गेली ती साहेबांच्या सोयीने, पण साहेबांना ती फारशी मानवली नाही. कोटातून इतक्या दूर रात्री गाडी जोडून यायचे, आजूबाजूस गरीब वस्ती, म्हणून इंग्रज प्रेक्षक हळूहळू कमी झाले. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मग तिकिटाचे दर उतरले आणि जे लोक त्या वस्तीत व तिच्या आसपास राहत होते, त्यांच्यासाठी दार उघडले. कोटात इमारत झाली असती, तर हे इतक्या लवकर घडले असते, असे मला वाटत नाही. जागा कोठे आहे, यावरही आत कोण येणार हे ठरत असते.

इकडे सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सीतास्वयंवराचा खेळ करून मराठी नाटकाचा पाया घातला होता. पण तो खेळ राजवाड्यात झाला, संस्थानिकांच्या आश्रयाने. राजेसाहेब आप्पासाहेब पटवर्धन १८५१ साली वारले आणि तो आश्रय सुटला. भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले आणि फिरत फिरत मुंबईस आले. तेथे आधी गिरगावातील एका वाड्यात खेळ झाले आणि मग मार्च १८५३ मध्ये त्यांचा खेळ ग्रँट रोडच्या नाटकशाळेत लागला. तिकीट काढावे आणि आत जाऊन बसावे. कोणाच्या आमंत्रणाची गरज नाही, कोणाला मुजरा करायला नको. मराठी नाटक राजाच्या पदरातून लोकांच्या पदरात पडले ते अशा रीतीने. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी मंडळींनीही याच रंगभूमीवर आपली नाटके सुरू केली. पुढे त्या भागात इतकी नाटकगृहे झाली की, इंग्रजी ‘प्ले हाऊस’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले आणि ते नाव आजतागायत टिकून आहे.

१८५३ हे साल आपण वऱ्हाडकरांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मार्चमध्ये मराठी नाटक ग्रँट रोडवर आले. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. तिच्यामागे जी रेल्वे कंपनी होती, तिच्या संचालकांत नाना आणि जमशेटजी हे दोनच हिंदी गृहस्थ होते. मे महिन्यात निजामाशी तह होऊन आपला वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्या वेळी या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पण तीच रेल्वे वाढत वाढत १८६७ साली अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचली. आपला कापूस त्या गाडीने मुंबईस जाऊ लागला आणि परतीच्या वाटेने नाटक मंडळ्या आपले पडदे, पेट्या आणि तबला-पेटीवाले घेऊन वऱ्हाडात उतरू लागल्या. कापसाचा पैसा हाती खेळत असे तो हंगाम त्यांना बरोबर ठाऊक होता. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

नाटकाचे हे बीज आपल्या मातीत चांगले रुजले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांना १९०५ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. अमरावतीचेच वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ साली आणि ‘रणदुंदुभि’ १९२७ साली रंगभूमीवर येऊन महाराष्ट्रभर गाजले. आणि नाटकगृह केवळ करमणुकीपुरते नसते, याचीही साक्ष अमरावतीनेच दिली. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली, तेव्हा १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली त्यांची परिषद भरली ती आपल्या इंद्रभुवन थिएटरात. ज्यांच्यासाठी देवळाचे दार बंद होते, त्यांना आपले म्हणणे मांडायला नाटकगृहात जागा मिळाली.

भगिनींनो, आता बायकांची गोष्ट. १८५३ साली त्या रंगभूमीवर सीता आली, पण ती मुलाने लुगडे नेसून केलेली सीता होती. कुलीन घरच्या बायकांनी नाटकात काम करणे तर सोडाच, नाटक पाहायला जाणेही अवघडच होते. हे चित्र पालटायला फार वर्षे लागली. १९३३ साली मुंबईस ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक झाले आणि त्यात पद्माबाई वर्तक व ज्योत्स्नाबाई भोळे यांनी कामे केली, याचा मोठा गवगवा झाला. म्हणजे नाटकशाळा उघडल्यापासून जवळजवळ नव्वद वर्षांनी! माझ्या सासूबाई अकोल्याच्या. त्या सांगत की, त्यांच्या तरुणपणी गणेशोत्सवात जिनिंगच्या आवारात नाटक असले की बायकांना एका कडेला सतरंजी मिळे आणि तेथून निम्मा रंगमंच खांबाआड जाई. तरीही त्या जात. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सबंध नाटकाची उजळणी होई आणि खांबाआडचा भाग प्रत्येक जण आपापल्या कल्पनेने भरून काढी.

मग नानांनी बायकांसाठी काय केले, असे कोणी विचारील. त्यांनी मुलींना शाळेसाठी जागा दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातील तरुणांनी, ज्यांत दादाभाई नवरोजी होते, १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुलींनी लिहायला शिकणे म्हणजे अधर्म, असे समजणारे लोक घरोघर होते आणि अशा शाळेला घर भाड्याने देणेही लोकांना नको असे. नानांनी आपल्या स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. नाना काही धर्म सोडलेले गृहस्थ नव्हते. पूजाअर्चा, कुळाचार सारे यथासांग करणारे होते. अशा माणसाच्या वाड्यात मुली पाटी घेऊन जाऊ लागल्या, म्हणजे टीकाकारांची तोंडे आपोआप निम्मी बंद झाली. त्या शाळेतून अक्षरओळख झालेल्या मुलींच्या मुली-नाती पुढे पुस्तके वाचू लागल्या, सभेला जाऊ लागल्या. प्रेक्षागृहातील सतरंजीपासून रंगमंचापर्यंतची बायकांची वाट मला वाटते त्या वाड्यातूनच गेली.

नानांच्या आयुष्यात सारे मानसन्मानच होते असे नाही. १८५२ साली लोकांची गाऱ्हाणी विलायतेपर्यंत नेण्यासाठी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, तीत ते अग्रभागी होते. त्यामुळे १८५७ च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावर संशय घेतला. चौकशीत काहीच निष्पन्न झाले नाही. गिरगावात सोनापूर येथील हिंदूंचे स्मशान हलविण्याचा घाट घातला गेला, तेव्हाही ते लोकांच्या बाजूने उभे राहिले. जिवंतांना जागा देणाऱ्याने मृतांचीही जागा राखली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत ते होते आणि १८६१ च्या कायद्याप्रमाणे झालेल्या मुंबईच्या कायदेमंडळातील पहिल्या हिंदी सभासदांतही त्यांचे नाव आहे. ३१ जुलै १८६५ रोजी ते निवर्तले. त्यांनी जागा दिलेली ती नाटकशाळा आज उभी नाही. एशियाटिक सोसायटीच्या सभागृहात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे आणि ग्रँट रोडजवळच्या चौकाला लोक नाना चौक म्हणतात.

हे चरित्र वाचताना माझ्या मनात आपल्या मंडळाचा विचार सारखा येत होता. आपल्याकडे नाटकाची हौस काही आज आलेली नाही. भाद्रपद-आश्विनात भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरच्या अंगणांत फेर धरणाऱ्या आणि खिरापत ओळखणाऱ्या मुली म्हणजे वऱ्हाडातील बायकांची स्वतःची रंगभूमीच की! तिला पडदा नव्हता, तिकीट नव्हते. फक्त कोणाचे तरी अंगण लागे. आज आपल्याला नेमके तेच मिळेनासे झाले आहे. गेल्या खेपेस आपल्या एकांकिकेसाठी ठरविलेला हॉल आदल्या दिवशी लग्नासाठी दुसऱ्यांना दिला गेला. तालमी तर आपण चार घरी फिरून केल्या. एकीकडे पाहुणे आले, दुसरीकडे मुलांची परीक्षा. तिसऱ्या घरी सासरेबुवांची झोपमोड होऊ लागली. शेवटी एका भगिनीने आपली गच्ची मोकळी करून दिली, म्हणून खेळ उभा राहिला. तिने रंगमंचावर एक शब्दही उच्चारला नाही, तरी माझ्या मते त्या खेळातील सर्वांत मोठे काम तिचेच होते.

नानांपाशी ग्रँट रोडवर जमीन होती, आपल्यापाशी ती नाही. पण कोणाकडे ओसरी आहे, कोणाकडे गच्ची आहे, कोणाचे अंगण दुपारी रिकामे असते. ज्यांना आठवड्यातून एक दुपार अशी जागा तालमीसाठी देता येईल, त्यांनी आपले नाव मंडळाच्या चिटणीसबाईंकडे द्यावे, अशी माझी विनंती आहे. आणि जागा देताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आत कोणत्या गल्लीतली, कोणत्या जातीची, कोणत्या परिस्थितीतली बाई येते, हे दारात उभे राहून मोजू नये. नानांच्या नाटकशाळेचे दार मराठी माणसाला उघडले, ते तिकीट काढणाऱ्याला कोणी आमंत्रण विचारले नाही म्हणून. आपल्याकडे तर तिकीटही नाही.