कार्ल बेंझची पंधरा वर्षे

माझ्या मागच्या अंगणातली जीप हा आपल्या बॅचमध्ये हक्काचा विनोद झाला आहे. भंगारातून आणली त्याला सात वर्षे झाली. इंजिन बसले, गिअरबॉक्स बसला, पण गाडी अजून फाटकाबाहेर गेलेली नाही. त्यामुळे स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला तेव्हा ज्याच्या चरित्राने मला ही जीप भंगारवाल्याला परत देऊ दिली नाही, त्याच्याबद्दलच लिहायचे ठरवले.

कार्ल बेंझचे नाव आपण सामान्यज्ञानाच्या वहीत लिहिले होते. मोटारगाडीचा शोध, जर्मनी, १८८६. एक ओळ, एक मार्क. त्या सालाच्या अलीकडची पंधरा वर्षे मात्र वहीत नव्हती.

बेंझचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ चा. वडील रेल्वे इंजिनाचे ड्रायव्हर होते, पण मुलगा दोन वर्षांचा असतानाच ते गेले. आईने ओढग्रस्तीत त्याला शिकवले. कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमधून तो एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडला, चारदोन ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि १८७१ मध्ये मॅनहाइमला भागीदारीत वर्कशॉप काढले. भागीदार बेभरवशाचा निघाला. तेव्हा बेर्टा रिंगर या त्याच्या वाग्दत्त वधूने आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच वडिलांकडून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराला मोकळे केले. १८७२ मध्ये लग्न झाले. आपल्याकडे हुंड्याने किती संसार बुडवले ते आपण पाहिले आहे. हा हुंडा मात्र लेथ आणि भात्यावर खर्च झाला.

तरीही धंदा चालेना. कर्जापायी हत्यारे जप्त होण्याची पाळी आली. घरात लहान मुले, आणि हा माणूस इंजिन बनवायला बसलेला. चार-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट ऑटोकडे असल्याने बेंझने टू-स्ट्रोकचा रस्ता धरला. महिनोन्महिने ते इंजिन दाद देत नव्हते. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्रीचे जेवण झाल्यावर नवराबायको पुन्हा एकदा वर्कशॉपमध्ये गेली, आणि त्या रात्री ते सुरू झाले व चालत राहिले. पण ते जमिनीवर उभे राहून यंत्रे फिरवणारे इंजिन होते. गाडी अजून सहा वर्षे दूर होती.

पुढे पैसेवाले आले, १८८२ मध्ये कंपनी झाली, पण बेंझच्या हातात नाममात्र वाटा उरला आणि गाडीच्या कल्पनेत कोणाला रस नव्हता. वर्षभरात तो बाहेर पडला. १८८३ मध्ये सायकलींच्या व्यापारातल्या रोझ आणि एसलिंगर यांच्याबरोबर त्याने नवी कंपनी काढली. बेंझबद्दल लिहिणारे ‘जिद्द’ हा शब्द फार वापरतात. मला तो अपुरा वाटतो. या नव्या कंपनीत गिऱ्हाइकांसाठी उभी इंजिने बनत आणि ती खपत होती. त्यांच्या नफ्यावर गाडीचे प्रयोग चालले. भाकरीचे काम त्याने कमी दर्जाचे मानले नाही, म्हणून गाडी जगली. नुसत्या जिद्दीवर त्याच्या हत्यारांचा लिलावच झाला असता.

गाडीचे बाकी भागही बाजारात मिळत नव्हते. विजेची ठिणगी, इंधनाची वाफ करणारा कार्ब्युरेटर, पाण्याचे कूलिंग, डिफरन्शियल, सगळे त्याला स्वतःच जुळवावे लागले. चाके मात्र सायकलसारखी तारांची होती. दोन पुढची चाके नीट वळवण्याचा मनाजोगता उपाय सापडेना, तर तो तिथे अडून बसला नाही. पुढे एकच चाक लावले आणि काम पुढे नेले. चारचाकीचे वळण त्याने १८९३ पर्यंत राखून ठेवले! हे वाचल्यावर मी माझ्या जीपची जुनी स्टिअरिंग शोधणे थांबवून मिळेल ती बसवली.

२९ जानेवारी १८८६ ला पेटंटचा अर्ज गेला. जेमतेम पाऊण अश्वशक्तीचे इंजिन, ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग. आपल्या वहीतली ओळ इथे संपते. प्रत्यक्षात सर्वांत निराशेचा काळ इथून सुरू झाला, कारण गाडी कोणी घेईना. लोक बघायला येत आणि निघून जात. बेंझ पुन्हा दुरुस्त्यांत गुंतला.

ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बेर्टाने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. बरोबर ऑयगेन आणि रिशार्ड ही दोन किशोरवयीन मुले. मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे माहेरी, सुमारे १०६ किलोमीटर. तोवर एवढ्या लांब मोटार कोणी नेली नव्हती. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ठिणगीची तार उघडी पडली तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी पोहोचल्यावर तिने तारेने खुशाली कळवली.

परत आल्यावर तिने बोलून दाखवलेल्या तक्रारी मला या साऱ्या चरित्रात सर्वांत मोलाच्या वाटतात. चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, ब्रेकला चामडे हवे. बेंझने गिअर दिला. वर्कशॉपमध्ये बसून त्याला जे दिसत नव्हते, ते रस्त्याने दाखवले होते.

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. १८९९ मध्ये कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. १९०३ मध्ये मतभेद होऊन तो स्वतःच्याच कंपनीच्या कारभारातून दूर झाला आणि नंतर मुलांबरोबर लाडेनबुर्गला नवे वर्कशॉप थाटले. ४ एप्रिल १९२९ रोजी तो तिथेच वारला. बेर्टा १९४४ पर्यंत, पंचाण्णव वर्षे जगली.

वाटेत विसलोख गावी तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले होते. डाग काढायला वापरतात ते. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून दाखवले जाते.