श्वासाचा श्रोता : रने लेनेक

रोगांच्या नावांत पुष्कळदा वैद्यकापेक्षा भाषेचाच इतिहास अधिक सापडतो. मराठीतील ‘दमा’ हा शब्द ज्या फार्सी ‘दम’पासून आला, त्याचा अर्थ केवळ श्वास, ग्रीक ‘अस्थमा’ म्हणजे धाप, आणि चरकसंहितेने ज्या पाच विकारांची एकत्र गणना केली त्यांचे सामान्यनामही ‘श्वास’ हेच आहे. तीन भिन्न परंपरांनी या व्याधीला बाहेरून जे दिसते आणि जाणवते त्यावरून नाव दिले. छातीच्या पिंजऱ्याआड काय घडते, हे जिवंत रोग्याच्या बाबतीत कोणालाच ठाऊक नव्हते. तो आतील व्यापार कानांनी जाणून घेण्याची आणि जे ऐकू आले त्याला शब्द देण्याची पद्धती ज्याने निर्माण केली, तो फ्रेंच वैद्य रने तेओफिल इयासँत लेनेक अवघी पंचेचाळीस वर्षे जगला. आणि त्या आयुष्याचा बराच भाग त्याला स्वतःलाच श्वास पुरत नव्हता.

लेनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्रिटनी प्रांतातील कँपेर येथे झाला. वडील वकील होते. पद्यरचनेची हौस बाळगणारे आणि हाती आलेला पैसा न टिकवणारे. १७८६ मध्ये आई वारली, बहुधा क्षयाने. वडिलांनी मुलांचा भार नातेवाइकांवर सोपविला आणि १७८८ मध्ये लेनेक आपल्या धाकट्या भावासह नाँत येथील वैद्य काका गियोम यांच्या घरी आला. हे काका त्याचे खरे पालक झाले. पुढच्याच वर्षी राज्यक्रांतीचा वणवा पेटला. नाँत शहरात ज्या चौकात गिलोटिन उभे राहिले तो त्यांच्या घराजवळच होता. अशा काळात, १७९५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी लेनेक तेथील रुग्णालयात जखमींच्या जखमा बांधू लागला.

१८०१ मध्ये तो पॅरिसला आला आणि शारिते रुग्णालयात कोर्व्हिसारच्या हाताखाली शिकू लागला. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने १७६१ मध्ये मांडलेली, छातीवर बोटांनी ताडन करून आतील पोकळपणा वा भरीवपणा ओळखण्याची रीत त्या काळी विस्मृतीत गेली होती. कोर्व्हिसारने ती उचलून धरली आणि १८०८ मध्ये त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. रोग्याच्या शय्येपाशी केलेले निरीक्षण मृत्यूनंतर शवविच्छेदनाने पडताळून पाहावे, हा त्या संप्रदायाचा मूलमंत्र होता. लेनेकने तो आत्मसात केला. १८०३ मध्ये त्याने वैद्यक आणि शल्यक्रिया या दोहोंत प्रथम पारितोषिके मिळविली. १८०४ मध्ये त्याने पदवीसाठी लिहिलेला प्रबंध हिपॉक्रेटीसच्या सिद्धांतावर होता. मूळ ग्रीक ग्रंथ वाचण्याइतकी ती भाषा त्याने मेहनतीने संपादन केली होती. बासरीवादन हा त्याचा विसावा होता. तथापि राजनिष्ठ आणि श्रद्धाळू कॅथलिक अशा या कृश, बुटक्या तरुणाला योग्य ते पद मात्र बारा वर्षे लाभले नाही. याच वर्षांत क्षयाने १८१० मध्ये त्याचा भाऊ आणि १८१६ मध्ये त्याचा जिवलग सहकारी बेल यांना नेले. १८१४ च्या युद्धात जखमी व आजारी सैनिकांनी पॅरिसची रुग्णालये भरून गेली, तेव्हा फ्रेंच न समजणाऱ्या ब्रेतों तरुणांची शुश्रूषा त्याने त्यांच्याच बोलीत संवाद साधून केली. रोग्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे तर त्याची भाषा यावी लागते, हा धडा यंत्र हाती येण्यापूर्वीच त्याने गिरविला होता.

१८१६ मध्ये त्याची नेकेर रुग्णालयात नेमणूक झाली. त्याच वर्षी हृद्रोगाची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्याच्यापुढे आली. तिच्या स्थूलतेमुळे ताडनाचा उपयोग होत नव्हता; तिचे वय आणि स्त्रीत्व पाहता छातीला प्रत्यक्ष कान लावणे शिष्टसंमत नव्हते. लाकडी तुळईच्या एका टोकाशी टाचणीने ओरखडले असता दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे त्याला स्मरले. त्याने कागदाच्या काही तावांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर आणि दुसरे स्वतःच्या कानाशी धरले. आणि उघड्या कानाने कधी आले नव्हते इतके हृदयाचे ठोके त्याला स्वच्छ ऐकू आले. संकोचातून निघालेली ही वाट होती. कागदाच्या जागी लवकरच सुमारे एक फूट लांबीची, दोन भागांत विलग होणारी लाकडी नळी आली; ती तो स्वतः चरकावर कातून तयार करी.

या साधनाला त्याने दिलेले नाव विचार करण्याजोगे आहे. ‘स्टेथॉस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. ऐकण्याच्या यंत्राला त्याने पाहण्याचा धातू जोडला, कारण त्याचे उद्दिष्ट ध्वनी हे नव्हतेच. ध्वनीवाटे त्याला फुप्फुस पाहावयाचे होते. पुढील तीन वर्षे त्याने शेकडो छाती ऐकल्या, आणि जे रोगी दगावले त्यांच्या फुप्फुसांत त्या आवाजांचे कारण शोधले. आता अडचण भाषेची होती. या ध्वनींना नावेच नव्हती. मिठाचे कण तापल्या भांड्यात तडतडावेत, पारव्याने घुमावे, रिकाम्या बाटलीत फुंकर घालावी, चिनी मातीच्या पेल्यात टाचणी पडावी, अशा घरगुती उपमांचा त्याने आधार घेतला. रोग्याचा शब्द मुखातून न येता थेट छातीतूनच उमटल्यासारखा वाटे, त्याला त्याने लॅटिन घटकांतून नाव घडविले. बोकडाच्या बेंबाटण्यासारखा कापरा स्वर ऐकू येई, त्याला ग्रीक घटकांतून.

एका शब्दाची कथा तर तौलनिक अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. छातीतील घरघरीसाठी त्याने ‘राल’ हा रूढ फ्रेंच शब्द योजला. परंतु त्याच शब्दाने आसन्नमरण माणसाच्या घशातील घरघरही सूचित होई. तो कानी पडताच रोगी हबकून जाई. म्हणून शय्येपाशी बोलताना लेनेक त्याऐवजी ‘रोंकस’ हा लॅटिन पर्याय वापरू लागला. त्याच्या दृष्टीने दोन्ही शब्द एकार्थक होते. ग्रंथ भाषांतरातून इंग्रजीत गेल्यावर मात्र ते दोन निरनिराळ्या ध्वनींचे वाचक समजले गेले आणि त्या घोटाळ्याने वैद्यकाला दीर्घकाळ गोंधळात टाकले. रोग्याविषयीच्या कणवेतून जन्मलेला पर्याय पुढे शास्त्रीय भेद होऊन बसला.

या अभ्यासाचे फलित म्हणजे १८१९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ होय. फुप्फुसाच्या जुनाट विकारांची आजची विभागणी पुष्कळ अंशी त्यातूनच निघाली. छाती उघडताच निरोगी फुप्फुस आक्रसते. पण काही मृतांची फुप्फुसे उलट बाहेर उसळून येतात, हे त्याने नोंदविले. अशी फुप्फुसे हवेने फुगवून, वाळवून आणि कापून पाहिल्यावर त्यांतील वायुकोश विस्तारलेले आढळले. ही वातस्फीती. श्वास आत घेण्याचा जोर श्लेष्माचा अडथळा पार करतो, परंतु बाहेर सोडण्याचा जोर तितका नसतो. त्यामुळे हवा आत कोंडते, असा त्याने कार्यकारणभाव मांडला. अशा छातीवर ताडन केल्यास नाद मोठा येतो आणि श्वासाचा आवाज मात्र मंद, ही विसंगतीच त्याने निदानाची खूण ठरविली. श्वासनलिकांच्या कायमच्या विस्फाराचे पहिले व्यवस्थित वर्णनही त्याचेच. तोवर ‘अस्थमा’ या एका नावाखाली धापेचे सर्व प्रकार कोंबले जात. लेनेकने त्यांतून हृदयाचे, कफाचे आणि वातस्फीतीचे रोगी वेगळे काढले. जे उरले त्यांच्या बाबतीत श्वासनलिकांभोवतीचे स्नायुतंतू आकुंचित होत असावेत, हे मत त्याने स्वीकारले. दम्याच्या आजच्या विवेचनात सूज, अधिहर्षता इत्यादी कारणांची भर पडली असली, तरी स्नायूंचे हे आकुंचन आपल्या जागी कायम आहे.

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा लेनेक पार थकला होता. तो ब्रिटनीत द्वार्ननेजवळील केरलुआर्नेक येथे आपल्या शेतीवर निघून गेला. तेथील समुद्राची हवा आणि घोड्यावरची रपेट यांनी प्रकृती सुधारली. आपला विकार दमाच आहे, या त्याच्या समजुतीला त्यामुळे बळकटी आली. १८२१ मध्ये तो परतला, १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाला आणि पुढच्या वर्षी शारितेत, आपल्या गुरूच्या जागी, शिकवू लागला. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांसाठी आणि रोग्याला भयप्रद गोष्टी कळू नयेत यासाठी तो शय्येपाशी लॅटिनमध्ये बोले. ब्रूसेसारख्या, सर्व रोगांचे मूळ दाहात पाहणाऱ्या आणि जळवा लावणाऱ्या प्रभावी प्रतिपक्ष्याशी त्याचा वाद अखेरपर्यंत धुमसत राहिला.

त्याच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. क्षयाची नानाविध रूपे ही एकाच व्याधीची आहेत, हे त्याने ठामपणे सांगितले आणि १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू शोधल्यावर ते खरे ठरले. मात्र क्षय संसर्गाने पसरतो हे त्याला पटत नव्हते. दीर्घ शोक आणि नैराश्य यांना तो मोठे कारण मानी. एका कडक आचाराच्या धर्मसंघातील स्त्रिया एकामागून एक क्षयाने गेल्या, तेव्हा त्याने त्यांच्या खिन्न जीवनाकडे बोट दाखविले. आई, भाऊ आणि मित्र अशाच क्रमाने गमावलेल्या माणसाने दुःखालाच रोगाचे बीज मानावे, यात आश्चर्य नाही. समुद्रहवा क्षयाला मानवते, या विश्वासाने त्याने ब्रिटनीहून समुद्रशेवाळ आणवून शारितेतील रोग्यांच्या खोल्यांत ठेवून पाहिले.

१८२६ मध्ये ग्रंथाच्या पुनर्लेखित दुसऱ्या आवृत्तीचे काम संपविताना त्याचा ताप आणि खोकला बळावला. कुटुंबातीलच तरुण वैद्य मेरियादेक याला त्याने आपली छाती ऐकावयास सांगितले. मेरियादेकने वर्णिलेले ध्वनी लेनेकच्याच पुस्तकातले होते. त्यांचा अर्थ त्याच्याइतका दुसऱ्या कोणास कळणार? मेअखेरीस त्याने पॅरिस सोडले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केरलुआर्नेक येथे त्याचा मृत्यू झाला आणि प्लोआरे गावच्या स्मशानभूमीत त्याला पुरण्यात आले.

आपले ग्रंथ, कागदपत्रे आणि स्टेथॉस्कोप त्याने मेरियादेकच्या स्वाधीन केले होते. १८३१ मध्ये मूळ ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली, ती मेरियादेकनेच संपादित केली होती.