दादोबांचे व्याकरण आणि आपला 'च'

मराठीचे पाणिनी म्हणून ओळखले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर १८१४ साली मुंबईत जन्मले. १८३६ साली, ऐन बाविशीत, त्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले. पुढे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक झाले. तेथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. गुजराती मुलखात राहिले, तेथल्या लोकांत मिसळले, पण मराठीचे काम सुटले नाही. मुंबईस परतल्यावर त्यांनी शिक्षक घडविले, व्याकरणात सुधारणा केल्या, शाळकरी मुलांसाठी लघुव्याकरणही लिहिले. १८८२ साली ते निवर्तले.

सीमाभागातील पालकांनी त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी. अक्षर म्हणजे उच्चार नव्हे. 'चार' आणि 'चाक' यांत 'च' एकच, उच्चार मात्र दोन. 'जीव' आणि 'जाळे' यांतला 'ज' तसाच. परभाषेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला हा भेद पाटीवर दिसत नाही, तो कानानेच कळतो. म्हणून रोज संध्याकाळी मुलाला जवळ घेऊन दहा शब्द मोठ्याने वाचून घ्यावेत. शाळा कोणत्याही भाषेची असो, मराठीचा कान घरातच तयार होतो.