कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (जन्म : १६६९ च्या सुमारास, मृत्यू : ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. १७ व्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे तीन दशके त्यांनी कोकण किनाऱ्यावर मराठ्यांची सागरी सत्ता टिकवली. या काळात इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांपैकी कोणालाही त्यांचे प्रमुख जलदुर्ग जिंकून घेता आले नाहीत. अलिबाग हे शहर त्यांच्या कारकिर्दीत वसले व पुढे आंग्रे घराण्याच्या राज्याचे केंद्र बनले. अलिबागसमोरील कुलाबा किल्ला, शहरातील हिराकोट व छत्रीबाग आणि थळजवळील खांदेरी बेट ही त्यांच्या जीवनाशी निगडित प्रमुख स्थळे होत.

पूर्वपीठिका व प्रारंभिक जीवन

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. हर्णैजवळील सुवर्णदुर्ग या जलदुर्गाशी त्यांचा संबंध होता. कान्होजींचे बालपण याच किनाऱ्यावर गेले. त्यामुळे भरती-ओहोटी, वारे, खडक आणि खाड्या यांची माहिती त्यांना लहान वयातच झाली.

छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार शत्रूला फितूर झाल्याचे लक्षात येताच तरुण कान्होजींनी त्याला कैद केले आणि शिबंदीला हाताशी धरून किल्ला लढवला, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि छत्रपती राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. मध्यवर्ती सत्तेकडून मदत मिळण्याची शक्यता फारशी नसताना कान्होजींनी गमावलेली किनारी ठाणी परत मिळवण्यास सुरुवात केली.

सरखेलपद

सिधोजी गुजर यांच्यानंतर १६९८ मध्ये आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली व राजाराम महाराजांनी त्यांना सरखेल हा किताब दिला. हे पद पुढे आंग्रे घराण्यात वंशपरंपरेने चालले. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा या जलदुर्गांच्या आधारे कान्होजींनी किनाऱ्यावर ठाण्यांची साखळी उभी केली. जहाजांची बांधणी व दुरुस्ती, दारूगोळ्याचा साठा आणि पावसाळ्यात गलबतांना आसरा या तिन्ही गोष्टी या साखळीमुळे शक्य झाल्या.

त्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत हे दोन मुख्य प्रकार होते. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ तळाचे लढाऊ जहाज असे. त्याच्या नाळेवरील तोफा थेट समोर मारा करीत. गलबत आकाराने लहान व वेगवान असून ते शिडांबरोबर वल्ह्यांनीही चालवता येई. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या जहाजामागे नेत आणि तोफांनी त्याची शिडे व डोलकाठ्या निकामी झाल्यावर सैनिक त्यावर चढून हातघाईची लढाई करीत. खोल समुद्रात मोठी युरोपीय जहाजे वरचढ ठरत, पण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात त्यांना आंग्र्यांच्या आरमाराचा पाठलाग करता येत नसे. काही युरोपीय खलाशी व गोलंदाजही कान्होजींच्या नोकरीत होते.

कुलाबा आणि अलिबाग

कान्होजींनी कुलाबा किल्ल्याला आपले मुख्य ठाणे केले. हा कुलाबा मुंबईतील त्याच नावाच्या भागापेक्षा वेगळा असून तो अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रातील खडकावर उभा आहे. शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये, म्हणजे निधनापूर्वी काही दिवस, त्याच्या बांधकामास आरंभ केला आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाले.

ठाणे म्हणून ही जागा जोखमीची होती. उत्तरेस मुंबई बंदर इंग्रजांकडे, दक्षिणेस चौल-रेवदंडा पोर्तुगीजांकडे आणि त्याहून पुढे जंजिरा सिद्दीकडे होता. खांदेरीला लागूनच असलेल्या उंदेरी बेटावरही सिद्दीने किल्ला बांधलेला होता. असे असूनही मुंबईत येणारी-जाणारी व्यापारी वाहतूक अडवण्यास किंवा तिच्यावर नजर ठेवण्यास या किनाऱ्याइतकी सोयीची दुसरी जागा नव्हती. किल्ल्यासमोर जमिनीवर हळूहळू वस्ती वाढली आणि तीच पुढे अलिबाग शहर झाली. १७२० मध्ये कान्होजींनी शहरात हिराकोट हा भुईकोट बांधला. अलिबागी रुपया या नावाने ओळखले जाणारे चांदीचे नाणे त्यांनी पाडल्याचेही सांगितले जाते.

दस्तकाचा हक्क

कान्होजी आणि युरोपीय कंपन्या यांच्यातील वादाचे मूळ दस्तकात होते. दस्तक म्हणजे जहाजाला सुरक्षित प्रवासाची हमी देणारा परवाना. पोर्तुगीज १६ व्या शतकापासून अरबी समुद्रातील जहाजांवर असे परवाने लादत आले होते आणि इंग्रजही आपले परवाने देत. कोकण किनाऱ्याचे स्वामित्व छत्रपतींचे असल्यामुळे त्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी सरखेलाचे दस्तक घ्यावे, ही कान्होजींची भूमिका होती. दस्तक नसलेली जहाजे ते पकडत व जकात किंवा खंडणी घेतल्यावर सोडत. कंपनीच्या संरक्षणाखाली भारतीय व्यापाऱ्यांचा माल वाहणारी जहाजे कोणाची मानायची, हा प्रश्न वारंवार उद्भवे व त्यातून चकमकी होत.

१७१२ मध्ये कारवारच्या इंग्रज वखारीच्या प्रमुखाला घेऊन निघालेले एक जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडले. या झटापटीत तो प्रमुख मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले व १७१३ मध्ये दोन्ही पक्षांत करार झाला, परंतु तो फार काळ टिकला नाही.

छत्रपती शाहूंशी तह

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर मराठा सरदारांत फूट पडली. कान्होजी आरंभी महाराणी ताराबाईंच्या पक्षात होते. त्यांनी घाटमाथ्यावरील लोहगड व राजमाची हे किल्ले घेतले आणि शाहूंनी त्यांच्यावर पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. त्यानंतर १७१३ मध्ये पेशवेपदावर आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी युद्धाऐवजी वाटाघाटीचा मार्ग स्वीकारला.

१७१४ मध्ये झालेल्या तहानुसार कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले, बहिरोपंतांना मुक्त केले आणि राजमाची वगळता घाटावरील जिंकलेली ठाणी परत दिली. त्या बदल्यात त्यांचे सरखेलपद कायम झाले व १० मोठे किल्ले आणि १६ लहान कोट त्यांच्याकडे राहिले. या तहामुळे कोकणातील यादवी थांबली. किनाऱ्यावर संकट आले तर घाटावरील फौज मदतीला येईल, अशी स्थितीही त्यामुळे निर्माण झाली.

युरोपीय आरमारांशी संघर्ष

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजींचा बंदोबस्त करण्यासाठी नवी लढाऊ जहाजे बांधवून घेतली. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. विजयदुर्गाची तटबंदी तोफांना दाद देत नव्हती, तर खांदेरीवर उतरलेल्या सैनिकांना माघार घ्यावी लागली. १७२० मध्ये विजयदुर्गावर पुन्हा केलेली मोहीमही निष्फळ ठरली.

सर्वांत मोठा प्रसंग १७२१ च्या डिसेंबरमध्ये आला. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील कमोडोर थॉमस मॅथ्यूज याची युद्धनौका-पथके, कंपनीची फौज आणि पोर्तुगीजांचे सैन्य यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. जमिनीवरून व समुद्रातून एकाच वेळी मारा करण्याचा त्यांचा बेत होता. तथापि दोन्ही मित्रपक्षांत एकवाक्यता राहिली नाही आणि पेशवे पहिले बाजीराव फौज घेऊन अलिबागच्या परिसरात आले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला व इंग्रजांना परतावे लागले. १७१४ च्या तहाचा प्रत्यक्ष लाभ या वेळी दिसून आला. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही परतवण्यात आला.

मृत्यू व वारस

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबाग येथील छत्रीबागेत त्यांची समाधी आहे. त्यांच्यानंतर सेखोजी सरखेल झाले, परंतु १७३३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर भावांमध्ये वारसाहक्काचा वाद सुरू झाला. पेशव्यांच्या मध्यस्थीने मानाजींकडे कुलाबा व संभाजींकडे विजयदुर्ग अशी वाटणी झाली. एका सरखेलाच्या हुकमतीखाली असलेले आरमार अशा रीतीने विभागले गेले.

संभाजींनंतर विजयदुर्ग तुळाजींकडे आला. त्यांचे पेशव्यांशी वैर वाढत गेले आणि पेशवे नानासाहेब यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य कैदेत गेले. कुलाब्याची शाखा मात्र १९ व्या शतकापर्यंत राज्य करीत राहिली. औरस वारस नसल्याच्या कारणावरून ईस्ट इंडिया कंपनीने ते राज्य खालसा केले.

संबंधित स्थळे

कुलाबा किल्ला : ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून या किल्ल्यात पायी जाता येते आणि भरतीच्या वेळी होडीने जावे लागते. पाणी चढू लागल्यावर परतीची वाट बंद होत असल्याने भरतीची वेळ आधी पाहून ठेवणे आवश्यक असते. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. फटींतून लाटांचे पाणी आत शिरून जोर ओसरतो, असे या रचनेचे कारण सांगितले जाते. आत गोड्या पाण्याची पुष्करणी, वाड्यांचे अवशेष, एक दर्गा आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेश पंचायतन मंदिर आहे. उत्तरेकडील तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन लोखंडी तोफा अनेकदा कान्होजींच्या समजल्या जातात. त्या १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये ओतलेल्या असून आंग्र्यांचे राज्य गेल्यानंतरच्या आहेत. मुख्य किल्ल्याच्या उत्तरेस सर्जेकोट हा लहान कोट आहे. कुलाबा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे.

हिराकोट : शहरात तळ्याकाठी असलेल्या या कोटाच्या भिंती प्रचंड काळ्या दगडांच्या आहेत. ब्रिटिश काळापासून त्याचा वापर तुरुंग म्हणून होत आल्यामुळे तो बाहेरूनच पाहता येतो.

छत्रीबाग : येथे कान्होजींची समाधी व आंग्रे घराण्यातील इतर व्यक्तींची स्मारके आहेत.

खांदेरी : थळच्या किनाऱ्यावरून हे बेट दिसते व तेथून होडीने जाता येते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हापासून इंग्रज व सिद्दी यांच्याशी या बेटावरून संघर्ष चालू होता. बेटावर कोळी समाजाचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर, जुन्या तोफा आणि १८६७ मधील दीपगृह आहे. बेटाला व दीपगृहाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांमध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग यांचा समावेश आहे. कुलाबा त्या यादीत नाही.

मूल्यमापन व स्मृती

समकालीन इंग्रजी लेखनात कान्होजींचा उल्लेख बहुधा चाचा म्हणून येतो. त्यांच्याविरुद्धच्या मोहिमांत भाग घेतलेल्या क्लेमंट डाउनिंग याच्या १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने हीच प्रतिमा युरोपात रूढ केली. मात्र छत्रपतींनी दिलेले पद, कराराने मान्य झालेला प्रदेश, परवाना देण्याची पद्धत आणि परकीय सत्तांशी केलेले तह पाहता त्यांची कारवाई राज्याच्या अधिकाऱ्याची होती, असे मत अनेक इतिहासकारांनी मांडले आहे. त्यांनी पकडलेल्या जहाजांवरील व्यापाऱ्यांना सोसावे लागलेले नुकसान खरे होते. त्याच समुद्रात परवान्याशिवाय फिरणारी जहाजे पोर्तुगीजही पकडत असत, हेही तितकेच खरे आहे.

भारतीय नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव दिले. मुंबईच्या नौदल गोदीत त्यांचा पुतळा आहे. १९९९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या बंदरातून त्यांच्याविरुद्धच्या मोहिमा निघाल्या, त्याच बंदरातील नौदल तळ आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.