हिंगणघाटी विसावलेला मोजणीकार

कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली. काम ५७ दिवस चालले. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. तीच नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया ठरते. डोंगराचे अंतर व उन्नत कोन कळला, की काटकोन त्रिकोणातून उंचीही निघते. या रीतीने मद्रास ते मंगळूर रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी भरली.

सारी भिस्त अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटवर होती. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन मोजणारे वर्तुळच वाकडे झाले. दुसऱ्या कोणी मोहीम गुंडाळली असती. यॉर्कशायरचा हा हट्टी सैनिक तंबूत बसून सहा आठवडे ते पूर्ववत करीत राहिला.

सत्तरीच्या सुमारास नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. काम पुढे नेले साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी. १८६५ मध्ये सर्वोच्च शिखराला नाव मिळाले तेही एव्हरेस्ट यांचेच. लॅम्बटन यांचे दफन हिंगणघाटातच झाले.