आधी जागा पाहावी

गेल्या वर्षी होस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक व्हिजन बोर्ड चिकटवला होता. एका कार्यशाळेत शिकवलं होतं की रोज झोपताना डोळे मिटायचे आणि यशस्वी झालेले आपण कसे दिसतो ते पाहायचं. मी अगदी मन लावून पाहायचे. स्टेज, माईक, टाळ्या, पहिल्या रांगेत बसलेली आई. आईच्या निळ्या साडीचा काठसुद्धा दिसायचा. फक्त ज्या निबंधासाठी या टाळ्या मिळणार होत्या, तो निबंध मी लिहिला नव्हता. शेवटच्या दोन रात्रींत कसाबसा खरडला आणि स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत तो बाद झाला. बोर्ड मी काढला नाही, पण कपाट उघडताना त्याच्याकडे बघायचं टाळू लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर तिच्या आजोळी उज्जैनला गेले. शिंद्यांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत आणि फ्रीगंजमधल्या त्या घरात माझ्या वसईच्या मराठीइतकीच वेगळी, माळव्याची गोडी असलेली मराठी ऐकायला मिळाली. सकाळी पोहे-जिलबी खाताना बोलण्यात हरिभाऊ हे नाव आलं. मला वाटलं, कुणी नातेवाईक असतील. मग कळलं की हे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, भीमबेटकावाले. शाळेच्या पुस्तकात भीमबेटका वाचलं होतं, पण ते शोधणारा माणूस मराठी होता, उज्जैनचा होता आणि मुळात चित्रकार होता, हे ठाऊक नव्हतं. परत आल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं. त्यातून जे समजलं ते इथे सांगते.

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचला झाला. कर्मभूमी मात्र उज्जैन. तिथे त्यांनी भारती कला भवन ही संस्था सुरू केली आणि मुलांना चित्रकला शिकवली. इतिहासाची ओढ होतीच. पण इतिहासाकडे ते पोथीतून कमी आणि पेन्सिलीतून जास्त गेले. दगड, मूर्ती, नाणं, खापराचा तुकडा, जे समोर येईल ते कागदावर उतरवायचं. चित्र काढणाऱ्यांना माहीत असतं की वस्तू काढायला बसलं की कळतं, आपण ती आजवर नीट पाहिलीच नव्हती. हरिभाऊंनी ही सवय आयुष्यभर मोडली नाही.

१९५४ च्या सुमारास ते खडकांवरच्या आदिम चित्रांच्या मागे लागले. असे खडक कुठे असतात, पाऊस-उन्हापासून आडोसा कसा मिळतो, रंग कुठे टिकतो, हे पायपीट करत त्यांच्या डोळ्यांत साठत गेलं. त्यामुळे १९५७ मध्ये जे घडलं त्याला मी नुसता योगायोग म्हणणार नाही. ते रेल्वेने चालले होते. भोपाळच्या दक्षिणेला, विंध्याच्या टेकडीवरचे उंच खडक खिडकीतून दिसले. डब्यातल्या इतरांनाही दिसलेच असतील. पण हरिभाऊंना ते पाहून शंका आली की इथे चित्रं असणार. ते तिथे पोहोचले, झाडीतून वर चढले, आणि चित्रं होती.

गंमत म्हणजे ही जागा कागदोपत्री अगदीच अनोळखी नव्हती. १८८८ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून तिची नोंद केली होती, पण बौद्ध स्थळ म्हणून. आसपासच्या लोकांसाठी ती भीमाची बैठक होती. म्हणजे नावं दोन होती, नोंदही होती; पण खडकांवरची चित्रं कुणी जगापुढे आणली नव्हती, त्यासाठी तिथे जाऊन वर मान करून पाहावं लागणार होतं. आज त्या परिसरात ७०० हून अधिक शैलाश्रय मोजले गेले आहेत आणि २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

शोध एका दिवसात लागला, काम मात्र पुढे अनेक वर्षं चाललं. हरिभाऊ चित्रांच्या नकला करत राहिले. एकाच भिंतीवर रानगवा, त्याच्यावर हरीण, त्याच्याही वर तलवार घेतलेला घोडेस्वार, असे हजारो वर्षांचे हात एकमेकांवर पडलेले. खालचं चित्र जुनं, वरचं नवं, या साध्या तर्काने त्यांनी शैलींचा क्रम लावला. हिरव्या रंगातल्या नाचऱ्या आकृती सर्वांत जुन्या असाव्यात असं त्यांचं मत होतं. ते सगळ्या अभ्यासकांनी मान्य केलेलं नाही, पण वाद घालण्याइतकी सामग्री त्यांनीच पुढे ठेवली. भारतातल्या चित्रित शैलाश्रयांवर त्यांनी पुणे विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं.

उज्जैनजवळचं त्यांचं दुसरं मोठं काम म्हणजे कायथा. शहराच्या पूर्वेला साधारण २५ किलोमीटरवर, छोटी कालीसिंध नदीच्या काठी हे गाव आहे. वराहमिहिराचं गाव म्हणून परंपरा त्याचं नाव घेते. तिथल्या टेकाडात हरिभाऊंना जुनी वस्ती दिसली आणि १९६५ च्या सुमारास विक्रम विद्यापीठातर्फे उत्खनन झालं. खाली ताम्रपाषाण युगातली, चार हजारांहून अधिक वर्षं जुनी वस्ती निघाली: गडद तपकिरी लेपाची भांडी, तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, मण्यांच्या माळा. आज पुरातत्त्वाच्या पुस्तकांत कायथा संस्कृती असं स्वतंत्र नाव आहे.

हे वाचताना मला आमच्या रिट्रीटची आठवण होत होती. फादरांनी संत इग्नेशियस यांची प्रार्थनेची एक पद्धत शिकवली होती. नाताळचा प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, पण सुरुवात जागेपासून करायची. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, सपाट की चढउतारांचा. गुहा केवढी, छत उंच की ठेंगणं. मला तेव्हा हा फापटपसारा वाटला होता. येशूबाळाकडे जायचं सोडून छताची उंची कशाला मोजायची? पण इग्नेशियस यांचं स्वतःचं चरित्र त्यात आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून ते अंथरुणाला खिळले, तेव्हा तासन्‌तास स्वप्नं रंगवायचे: एका थोर स्त्रीसाठी आपण कसले पराक्रम गाजवू, काय बोलू. त्या चित्रात मध्यभागी ते स्वतः होते. ते रंगवताना सुख वाटे, नंतर मन कोरडं पडे. येशूचं आणि संतांचं चरित्र वाचून ज्या कल्पना मनात येत, त्यांनी मात्र नंतरही समाधान टिकून राही. हा फरक त्यांच्या लक्षात आला आणि पुढे आयुष्यच बदललं.

माझ्या व्हिजन बोर्डाची चूक मला इथे सापडली. त्यात फक्त मी होते. जागा नव्हती, रस्ता नव्हता, चढ नव्हता. हरिभाऊंच्या मनातल्या चित्रात मात्र खडक होता. तिथे हजारो वर्षांपूर्वी कुणी बसलं असेल तर पाठ कुठे टेकली असेल, हात कुठवर पोहोचला असेल, हे चित्र आधी मनात उभं राहिल्याशिवाय गाडीच्या खिडकीतून टेकडी कशी ओळखू येईल? आणि पुढची पायरी त्यांनी चुकवली नाही. मनातलं चित्र घेऊन ते तिथे चालत गेले.

त्यांच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळू नये. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी जोडलेले होते, संस्कार भारतीच्या उभारणीत होते, आणि १९८५ मध्ये लुप्त सरस्वतीचा मार्ग शोधायला त्यांनी मोठी मोहीम काढली. त्या नदीच्या ओळखीबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. माझी श्रद्धा वेगळी, माझे प्रश्नही वेगळे. मनात चित्र फार घट्ट बसलं की डोळे तेच शोधतात, हा धोका कुणालाही असतो, मलाही. पण त्यांनी आपलं चित्र घरात बसून खरं मानलं नाही. वयाच्या छासष्टाव्या वर्षी ते तपासायला नदीच्या कोरड्या पात्रात उतरले. एवढं मला त्यांच्याकडून घ्यायचं आहे.

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूरला त्यांचं निधन झालं. हॉटेलच्या खोलीत समुद्राचं चित्र काढत असतानाच प्राण गेला, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

परतीच्या प्रवासात आम्ही दोघी भोपाळमार्गे भीमबेटका पाहून आलो. प्राण्यांनी गजबजलेला तो झू रॉक पाहिला. मी वहीत एक रानगवा काढायचा प्रयत्न केला, त्याची म्हैस झाली. पण काढताना लक्षात आलं की त्याची शिंगं मला वाटली होती त्यापेक्षा पुढे झुकलेली आहेत.

यंदा निबंध पुन्हा पाठवायचा आहे. विषय आमच्या वाडीतलं बावखल. आजी तिथे कपडे धुवायची. रात्री डोळे मिटून पाहिलं तर त्याच्या काठावर सात माड दिसले. रविवारी मिस्सा झाल्यावर वही घेऊन गेले आणि मोजले. पाचच आहेत. दोन माड मी कुठून आणले होते, ते आता आजीला विचारायचं आहे. कदाचित होतेही असतील.