पीटर डेबाय : विखुरलेल्या प्रकाशातून रेणू ओळखणारे शास्त्रज्ञ

डोळ्यांना न दिसणारा रेणू किती मोठा आहे, सरळ आहे की फांद्या फुटलेला, हे कसं बरं ओळखायचं? मुलांनी असं विचारलं, तर त्यांना पीटर डेबाय यांची गोष्ट जरूर सांगा.

जन्म व शिक्षण
डेबाय यांचा जन्म २४ मार्च १८८४ रोजी नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे झाला. आखेन येथे ते विद्युत अभियांत्रिकी शिकले. तिथे त्यांना सोमरफेल्ड यांच्यासारखे गुरू लाभले आणि ते भौतिकशास्त्राकडे वळले. १९११ मध्ये झुरिक विद्यापीठात आइन्स्टाइन यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. १९३६ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कठीण काळ
१९३८ मध्ये त्यांनी लिझे माइटनर यांना जर्मनीतून निसटायला मदत केली. त्याच वर्षी जर्मन भौतिकी संस्थेचे अध्यक्ष म्हणून ज्यू सभासदांना बाहेर पडण्यास सांगणाऱ्या पत्रावर त्यांनीच सही केली. यावरून आजही वाद होतो. मोठ्या वर्गांना शिकवताना या दोन्ही गोष्टी सांगा, एकच सांगू नका. पुढे जर्मन नागरिकत्व घेण्याचा आग्रह झाला. तो नाकारून १९४० मध्ये ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले.

प्रकाशाची युक्ती
युद्धामुळे अमेरिकेला नैसर्गिक रबर मिळेनासे झाले. कृत्रिम रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे रेणू, म्हणजेच बहुवारिके. त्यांचे वजन मोजायचे कसे? डेबाय यांनी विरळ द्रावणातून प्रकाश सोडला आणि बाजूला किती विखुरतो ते पाहिले. द्रावणात पदार्थ तेवढाच असला, तरी रेणू जितका जड तितका प्रकाश जास्त विखुरतो. झालं, वजन कळलं!

आता आकार. मोठ्या रेणूच्या वेगवेगळ्या भागांवरून आलेल्या लहरी पुढच्या दिशेला एकमेकींना साथ देतात, पण कोन वाढला की एकमेकींना काही अंशी मारतात. म्हणून कोनागणिक प्रकाश किती घटतो, यावरून रेणूचा पसारा कळतो.

फांद्यांची खूण इथेच आहे. वजन सारखेच असले, तरी फांद्या असलेला रेणू सरळ साखळीपेक्षा आटोपशीर असतो. त्यामुळे त्याचा प्रकाश कोनाबरोबर कमी घटतो. वजन आणि पसारा यांची तुलना केली की फांद्यांचा अंदाज येतो. १९४९ मध्ये झिम आणि स्टॉकमेयर यांनी हे गणित मांडले.

२ नोव्हेंबर १९६६ रोजी इथाका येथे डेबाय यांचे निधन झाले.

वर्गात करून पाहा
भाताच्या पेजेत सरळ आणि फांद्यांचे, असे दोन्ही प्रकारचे स्टार्च असते. पेज गाळून भरपूर पाण्यात मिसळा, खोलीत अंधार करा आणि ग्लासातून टॉर्चचा झोत सोडा. झोत बाजूने दिसेल. नुसत्या डोळ्यांनी फांद्या कळणार नाहीत, त्यासाठी कोन मोजणारे उपकरण लागते. पण आधी साध्या पाण्यातून झोत सोडून दाखवा आणि फरक मुलांनाच सांगू द्या.